जोखीम घ्या म्हणणाऱ्यांनो, घरचा हप्ता कोण भरणार?

रविवारची वंदना आटोपली की आमच्या पिंपरीतल्या विहारात लोक आपापली कामे घेऊन थांबतात. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला असतो, कोणाची जात पडताळणी. गेल्या महिन्यात एक मुलगी आईला घेऊन थांबली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष. हातात दोन ऑफर लेटर. एक हजारो कर्मचारी असलेल्या मोठ्या आयटी कंपनीचे, वर्षाला सात लाख, नोकरी हिंजवडीत. दुसरे बंगळुरूतल्या चौदा माणसांच्या स्टार्टअपचे, वर्षाला बारा लाख. आई म्हणाली, "ताई, पोरगी म्हणते बाराची घेते. तिचे सर म्हणतात, तरुणपणी जोखीम नाही घ्यायची तर कधी घ्यायची? तुम्हीच सांगा, आम्हाला यातलं काय कळतंय?"

ही आई गेली अकरा वर्षे हिंजवडीतल्या एका आयटी इमारतीत फरशी पुसते. त्या कंपनीची ती नोकर नाही, कंत्राटदाराची आहे. अकरा वर्षांत तीन कंत्राटदार बदलले, प्रत्येक वेळी तिची नोकरी नव्याने सुरू झाली. नोकरीतली जोखीम काय असते हे या बाईला मुलीच्या सरांपेक्षा चांगले ठाऊक आहे. फक्त तिला ते कोणी विचारलेले नाही.

मी स्वतः या प्रश्नात एकदा चुकले आहे, ते आधी सांगते. २०१९ साली वस्तीतल्याच एका मुलापुढे असाच पेच होता. मी तेव्हा एमए करून नुकतीच कामाला लागले होते आणि डोक्यात एकच वाक्य होते, आपल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरदारच का राहायचे? मी त्याला स्टार्टअपमध्ये जा म्हणाले. २०२० च्या उन्हाळ्यात ती कंपनी बंद पडली. शेवटच्या चार महिन्यांचा पगार बुडाला, अनुभवाचे पत्र मिळाले नाही, कारण पत्र द्यायला कोणी उरलेच नव्हते. मालक दुसऱ्या शहरात वडिलांच्या धंद्यात गेला. आमच्या मुलाच्या वडिलांनी फायनान्सवाल्याकडून पैसे उचलले आणि रिक्षा विकून फेडले. आज तो मुलगा चांगल्या ठिकाणी आहे. पण त्या दोन वर्षांत त्याच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीवर थांबले, ते थांबलेच. सल्ला मी दिला होता, किंमत तिने मोजली.

जोखीम कोणाच्या पैशाची?

आपल्या मुलांच्या मोबाइलवर रोज पॉडकास्ट आणि रील येतात. त्यात कोणीतरी सांगत असतो की मी नोकरी सोडली, गॅरेजमध्ये कंपनी काढली, अपयशाला घाबरलो नाही. ऐकायला छान वाटते. पण ते गॅरेज कोणाचे होते? बापाचे. नोकरी सोडल्यावर दीड वर्ष जेवण कोणाकडे होते? आईकडे. पहिले दहा लाख कोणी दिले? मामांनी, कॉलेजच्या मित्राच्या वडिलांनी. या सगळ्याला ते धाडस म्हणतात. समाजशास्त्रात याला भांडवल म्हणतात, आणि ते फक्त पैशाचे नसते. ओळखीचे असते, भाषेचे असते, आडनावाचे असते.

आपल्या घरात पहिल्यांदा इंजिनिअर झालेल्या मुलाचा पगार त्याच्या एकट्याचा नसतो. त्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता असतो, जो बहुतेक कर्जांत शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतो. त्यावर गावाकडच्या घराचा पत्रा असतो, आजीचे औषध असते, भावाची फी असते. ज्याच्या पाठीशी घर आहे त्याची कंपनी बुडाली तर त्याचे एक वर्ष जाते. ज्याच्या पाठीवर घर आहे त्याची कंपनी बुडाली तर घर जाते. या दोघांना एकच सल्ला देणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

म्हणून आपल्या मुलाने मोठी कंपनी निवडली की "तुमच्यात रिस्क घ्यायची वृत्तीच नाही" असे जे म्हटले जाते, ते मला मान्य नाही. ज्यांच्या आईबापांनी कर्ज काढून, सोने मोडून, परक्या शहरात भाड्याच्या खोलीत राहून मुलगी इंजिनिअर केली, त्यांनी जोखीम घेऊन झालेली आहे. दुसरी कधी घ्यायची ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.

बारा लाखांचे गणित

त्या दिवशी आम्ही विहारातच सतरंजीवर बसून दोन्ही पत्रे वाचली. स्टार्टअपच्या बारा लाखांत तीन लाखांचे ईसॉप होते, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे कधीतरी ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. दीड लाख कामगिरीवर अवलंबून. हातात येणारे नक्की पैसे साडेसात लाख, महिन्याला साडेबासष्ट हजार. मोठ्या कंपनीच्या सात लाखांतून कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि बदलता भाग काढला तर सहा लाख, महिन्याला पन्नास हजार. म्हणजे पाच लाखांचा वाटणारा फरक महिन्याला साडेबारा हजारांचा निघाला. बंगळुरूत दोघींत एक खोली आणि मेस धरली तर तो फरक तिथेच संपतो. हिंजवडीला ती घरून जाणार.

आता ईसॉपचे बघा. हे शेअर एकदम मिळत नाहीत. साधारणपणे चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात, आणि पहिला टप्पा यायला कायद्यानेच किमान एक वर्ष लागते. अकराव्या महिन्यात काढून टाकले तर हातात शून्य. मिळाल्यावरही ते ठरलेली किंमत भरून घ्यावे लागतात. घेताना त्या दिवशीचे मूल्य आणि तुमची किंमत यातला फरक पगार समजून त्यावर कर लागतो, पैसा हातात आलेला नसला तरी. आणि विकायचे कोणाला? कंपनी शेअर बाजारात आली, कोणी तिला विकत घेतले किंवा कंपनीनेच शेअर परत घेतले, तरच. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्ट घेतली तेव्हा तिथल्या काही कर्मचाऱ्यांचे खरोखर भले झाले. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरचे मूल्यांकन मिरवणारी बायजूस २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार रखडले, ती गोष्टही तेवढ्याच मोठ्याने सांगायला हवी.

पत्रात आणखी दोन ओळी होत्या. मुलीला नोकरी सोडायची तर साठ दिवसांची नोटीस, कंपनीला तिला काढायचे तर पंधरा दिवसांची. आणि पीएफचा उल्लेखच नव्हता. वीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कंपनीला पीएफ सक्तीचा नाही, तिथे चौदाच माणसे होती. आई इतका वेळ गप्प होती. पीएफ नाही म्हटल्यावर म्हणाली, "म्हणजे आमच्या कंत्राटदारासारखंच की."

नियम की मालकाची मर्जी?

पण पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती आंबेडकरी चळवळीच्या गाभ्याची आहे.

स्टार्टअपच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की तिथे आडनाव कोणी विचारत नाही, फक्त काम बघतात, सगळे एका टेबलावर बसून जेवतात, बॉसला नावाने हाक मारतात. काही ठिकाणी हे खरेही असेल. पण ती पहिली चौदा माणसे आली कुठून? एकाच कॉलेजच्या होस्टेलमधून, एकाच सोसायटीतून, मित्राच्या मित्राकडून. जाहिरात नाही, परीक्षा नाही, रेफरल. त्याला "कल्चर फिट" असे गोंडस नाव आहे. २००७ साली "इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली"मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जदारांना बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावांपेक्षा कमी निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनीही एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त मेरिट बघतो, असे ते सांगत होते आणि उमेदवाराला "फॅमिली बॅकग्राउंड" मात्र विचारत होते. वडील काय करतात, घरी कोण कोण शिकलेले आहे, कुठे राहता. हे प्रश्न जात न विचारता जात विचारण्याचे आहेत.

मग मोठी कंपनी जातमुक्त असते का? अजिबात नाही. २०२० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. आयआयटीत शिकलेल्या एका दलित अभियंत्याची तक्रार होती की तो राखीव जागेतून आल्याचे त्याच्या भारतीय वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले आणि तक्रार केल्यावर त्याचे काम कमी केले गेले. कंपनीने आरोप नाकारले. दोन अधिकाऱ्यांवरचा दावा खात्याने २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. २०२२ मध्ये गुगलमध्ये दलित कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीवरचे व्याख्यान रद्द झाले, ते आयोजित करणाऱ्या व्यवस्थापक महिलेने राजीनामा दिला. म्हणजे हिंजवडी असो की सिलिकॉन व्हॅली, जात सोबत विमानाने जाते.

फरक एवढाच की मोठ्या ठिकाणी भांडायला कागद असतो. भरती बऱ्याच अंशी परीक्षेतून होते. पगाराच्या श्रेणी ठरलेल्या असतात. तक्रारीची रीत लिहिलेली असते. ॲपल आणि आयबीएमने भेदभावविरोधी धोरणात "जात" हा शब्द घातला, तो कोणाच्या चांगुलपणामुळे आला नाही, तिथल्या आपल्या माणसांनी आवाज उठवल्यानंतर आला. पुढे २०२३ मध्ये सिएटल शहराने जातभेदाविरुद्ध कायदा केला. चौदा माणसांच्या खोलीत हे सगळे एका माणसाच्या स्वभावावर चालते. तो चांगला असेल तर स्वर्ग. तो बिघडला तर तक्रार कोणाकडे? त्याच्याचकडे.

बाबासाहेबांनी आपल्याला काय शिकवले? गोलमेज परिषदेत त्यांनी बहुसंख्याकांच्या सदिच्छेवर विसंबायला नकार दिला आणि लेखी संरक्षणे मागितली. मालक भला आहे म्हणून मजूर सुरक्षित, हे तत्त्व आपले नाही. नियम लिहिलेला आहे आणि तो मोडला तर जाब विचारता येतो म्हणून मजूर सुरक्षित, हे आपले तत्त्व आहे. नोकरी निवडताना ते का विसरायचे?

बाबासाहेबांची ती वर्षे

कोणी म्हणेल, बाबासाहेब नोकरीत रमले नाहीत, मग तुम्ही पोरांना नोकरीत का बसवता? त्यांची १९१७ ते १९२० ही वर्षे नीट बघा, उत्तर तिथेच आहे.

१९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. संस्था मोठी, महाराज पाठीशी. पण कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत आणि शहरात राहायला घर मिळेना. ते परतले. मुंबईत त्यांनी शेअर व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, सल्ला उत्तम असणार यात शंका नव्हती. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले तसे गिऱ्हाईक येईना आणि पेढी बंद झाली. आजच्या भाषेत ते त्यांचे स्टार्टअप होते. ते बुद्धी कमी पडली म्हणून बुडाले नाही, धाडस कमी पडले म्हणूनही नाही. मग नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी स्टाफरूममधल्या घड्याचे पाणी पिणे खुपले. पण तिथे ठरलेला पगार होता. परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पैसे साठवले. रमाईने किती ओढाताणीत घर चालवले हे आपण सगळे जाणतो. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि अर्धे राहिलेले शिक्षण पुरे केले.

म्हणजे बाबासाहेबांनी नोकरी केली, पण कशासाठी करायची आणि कधी सोडायची हे आधी ठरवून केली. माझे म्हणणे तेवढेच आहे.

मोठी कंपनी म्हणजे मुक्काम नव्हे

आपल्या आधीच्या पिढीने रेल्वे, पोस्ट, बँक, एलआयसी धरली आणि निवृत्तीपर्यंत सोडली नाही. त्या नोकऱ्यांनीच आपल्यातला मध्यमवर्ग उभा केला, त्यांना हिणवू नका. पण खासगी मोठी कंपनी म्हणजे रेल्वे नव्हे. तिथे आरक्षण नाही, कायमपणाही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार, जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले, आणि टीसीएस ही आपल्या घरांत "सरकारीसारखी" समजली जाणारी कंपनी. तेव्हा मोठ्या कंपनीत शिरलात म्हणजे सुटलात असे समजू नका.

शिरल्यावर कोणत्या कामावर बसवतात ते बघा. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना शिरकाव नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला विटाळ होई, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रेटला. आज धागा तोंडात धरायचा नाही, पण कोणाला नवे प्रॉडक्ट मिळते आणि कोणाला रात्रपाळीचा सपोर्ट, कोणाला परदेशी पाठवतात आणि कोणाला बेंचवर ठेवतात, याकडे डोळे उघडे ठेवून बघा. लेखी मागा. ई-मेल जपून ठेवा. कर्मचारी संघटना असेल तर सभासद व्हा, ती आपल्याच इतिहासाची गोष्ट आहे. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी काढलेल्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते, हे आयटी पार्कमध्ये गेल्यावर विसरायचे कारण नाही. आणि रेफरलची पद्धत त्यांची आहे ना? मग तीच आपणही वापरू. आत गेलेल्या प्रत्येकाने मागून येणाऱ्या दोघांचे बायोडेटा पुढे सरकवले तर समाजाचे ऋण फेडण्याची सुरुवात तिथूनच होईल.

मग स्टार्टअपमध्ये कधी जावे?

जावे, जरूर जावे. मी स्टार्टअपच्या विरोधात नाही. लहान कंपनीत दोन वर्षांत जे शिकायला मिळते ते मोठ्या ठिकाणी पाच वर्षांत मिळत नाही, हे तिथे गेलेली आपलीच मुले सांगतात. आपल्यातून मालकही झाले पाहिजेत. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी डिक्की स्थापन केली ती याच विचाराने. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी २०१५ पासून व्हेंचर कॅपिटल फंड आहे, २०१६ मध्ये स्टँड अप इंडियाखाली १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्जाची योजना आली होती. मार्ग अरुंद आहेत, पण आहेत.

फक्त आपल्या अटींवर जावे. घरातला मोठा हप्ता फिटलेला असावा किंवा दुसरे कोणी कमावते झालेले असावे. घरखर्च धरून निदान सहा महिन्यांचे पैसे बँकेत असावेत. ईसॉप शून्य धरून उरलेला पगार पुरत असला पाहिजे. आणि जाण्याआधी मालकाला सरळ विचारावे की तुमच्याकडे किती महिन्यांचे पगाराचे पैसे आहेत, पीएफ भरता का, गेल्या वर्षी किती जण सोडून गेले. लाजू नका. ते तुमच्या घराची चौकशी करतात, तुम्ही त्यांच्या घराची करा.

ज्या मुलांच्या घरी आज हप्ता नाही, आईवडील दोघे नोकरीत आहेत, अशी आपल्यातलीही दुसरी-तिसरी पिढी आता आहे. त्यांना मी उलटे सांगेन. तुमच्या आजोबांनी आणि वडिलांनी तुमच्यासाठी ही गादी घातली आहे, आता उडी तुम्ही मारा. तुम्हीही सुरक्षित नोकरीच्या मागे धावलात तर आपल्यातून कंपन्या काढणार कोण?

त्या मुलीला मी काहीच निवडून दिले नाही. या वेळी शहाणी झाले होते. वर लिहिलेले तीन प्रश्न तिने स्वतःच इंग्रजीत लिहून स्टार्टअपला ई-मेल केले. चार दिवसांनी उत्तर आले. त्यात कंपनीच्या स्वप्नांबद्दल बरेच काही होते, तीनपैकी दोन प्रश्नांबद्दल एक ओळही नव्हती. तिने हिंजवडीची नोकरी घेतली. तीन वर्षे, मग पुढचे बघू, असे तिने वहीत लिहून ठेवले आहे. कर्ज कोणत्या महिन्यात फिटेल तेही लिहिले आहे.

परवा आई भेटली. मुलीची कंपनी तिच्या इमारतीपासून दोन चौक पुढे आहे. ती म्हणाली, "ताई, तिला सांगितलंय, तिथं फरशी पुसणाऱ्या बाईला रोज नावाने हाक मारायची. आणि तिचा पीएफ कापतात का ते विचारायचं."

आपल्या मुलामुलींनी मोठी कंपनी घ्यावी की लहान, या प्रश्नावर मी इतके लिहिले. पण त्या कंपनीत शिरल्यावर काय करायचे, याचे उत्तर त्या माऊलीने दोन वाक्यांत दिले.

जय भीम!